35 डॉलर कशाचे, आणि टिप कुणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पायलटचं लायसन्स मिळून दोन महिने झाले. फ्लाइंग क्लबचं सेसना 172, चार सीटचं छोटं विमान, घेऊन दोन मित्रांबरोबर शनिवारी तासाभराच्या अंतरावरच्या एका विमानतळावर जेवायला गेलात. उतरल्या उतरल्या केशरी जाकीट घातलेल्या पोराने हातवारे करत विमान उभं करून घेतलं, चाकांना चॉक (चाकं अडवायचे ठोकळे) लावले. टाकी भरलेली होती म्हणून इंधन घेतलं नाही. दीड तासाने निघताना काउंटरवर 35 डॉलरचं बिल हातात पडलं, 'रॅम्प फी' म्हणून. त्या पोराला 5 डॉलर दिलेत, तर मित्र म्हणाला, पायलट लोक टिप देत नसतात. आता पुढच्या महिन्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांना फिरवायचंय, आणि पुन्हा असं तोंडघशी पडायचं नाही. म्हणून तुम्ही विचारताय: 35 डॉलर वाजवी होते का, टिप कुणाला किती द्यायची, आणि हा खर्च मित्रांकडून वाटून घेता येतो का.

मी ओहायोत राहते. विमान उडवायला लागून 17 वर्षं झाली, सगळे तास एका इंजिनाच्या छोट्या विमानांतले. कुठे किती पैसे लागले हे मी लॉगबुकाच्या (उड्डाणांच्या नोंदवहीच्या) शेवटच्या पानांवर लिहून ठेवते, ही सवय आमच्या बाबांची, ते एसटीच्या तिकिटाचाही हिशेब ठेवायचे. त्या पानांच्या जोरावर लिहिते आहे. आकडे माझ्या भागातले आहेत. कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडात राहणाऱ्याने ते थोडे वर सरकवून वाचावेत.

आधी एक सांगते. तुम्हाला खुपले ते 35 डॉलर नाहीत. जेवणावर तुम्ही तिघांनी त्याहून जास्त खर्च केला असणार, आणि विमानाच्या भाड्यापुढे तर ती रक्कम चिल्लर आहे. खुपलं ते हे की विमान उभं करताना कुणी काही बोललं नाही आणि निघताना बिल आलं. रिक्षात बसल्यावर मीटर दिसू नये आणि उतरताना आकडा कळावा, तसं. हे टाळता येतं, पण ते टाळायची वेळ विमान उभं करण्याआधीची असते. चॉक लागले की तुम्ही त्या दुकानाचे गिऱ्हाईक झालात.

दुकान हा शब्द मुद्दाम वापरला. तुम्ही विमानतळावर उतरलात खरे, पण विमान उभं केलंत ते एफबीओच्या अंगणात, म्हणजे रॅम्पवर. एफबीओ म्हणजे फिक्स्ड बेस ऑपरेटर. नाव ऐकून सरकारी खातं वाटतं. पहिल्या महायुद्धानंतर इथे लष्कराची जादा विमानं स्वस्तात विकली गेली आणि ती घेऊन वैमानिक सर्कशीसारखे गावोगाव फिरू लागले. शेतात उतरायचं, लोकांना पैसे घेऊन चक्कर मारून आणायची, पुढचं गाव गाठायचं. 1926 च्या एअर कॉमर्स ॲक्टने लायसन्स आणि नियम आणले, तेव्हा एका जागी बूड टेकून इंधन, दुरुस्ती, शिकवणी असा धंदा करणाऱ्यांना हे नाव चिकटलं. आजही तेच चालतं. कुठे खाजगी कंपनी असते, कुठे गावची नगरपालिका किंवा काउंटी स्वतः चालवते. पेट्रोल पंप, एसटी स्टँडवरचं कँटीन आणि धर्मशाळा एकाच छपराखाली असावी, तसा प्रकार.

या धंद्याची कमाई मुख्यतः इंधनावर. त्यातून विमानतळाला जागेचं भाडं जातं, बहुतेक ठिकाणी विकलेल्या प्रत्येक गॅलनमागे वेगळा वाटाही द्यावा लागतो, शिवाय विमा, पगार, स्वच्छतागृह, कॉफी. तुम्ही इंधन न घेता दीड तास जागा वापरलीत, त्याच्या माणसाने तुमच्यासाठी काम केलं, तुमच्या मित्रांनी बहुधा कॉफीही प्यायली. रॅम्प फी त्या सगळ्याची. म्हणूनच 'इतके गॅलन घेतले तर फी माफ' हा नियम जवळजवळ सगळीकडे दिसतो. माझ्या भागात एका इंजिनाच्या पिस्टन विमानाला ही फी 10 ते 30 डॉलरच्या मध्ये असते आणि 8 ते 15 गॅलनवर माफ होते. तेव्हा तुमचे 35 जरा चढे आहेत, पण लुबाडणूक म्हणावी असे नाहीत. जिथे जेटची वर्दळ आहे तिथे हाच आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. माझ्या पहिल्या वर्षी मी एका मोठ्या शहराच्या विमानतळावर अशाच जेटवाल्यांच्या एफबीओत शिरले होते. विमानाच्या दारापर्यंत त्यांनी खरोखरचा लाल गालिचा आणून पसरला. मी भारावून गेले. चाळीस मिनिटांनी 62 डॉलरचं बिल आलं तेव्हा कळलं की गालिचा कशाचा होता.

आता नावांचा गोंधळ. रॅम्प फी, हँडलिंग फी, फॅसिलिटी फी, ही बहुधा एकाच गोष्टीची वेगवेगळी बारशी. ती एफबीओची, आणि इंधन घेतल्यावर माफ होऊ शकते. लँडिंग फी वेगळी. ती विमानतळाच्या मालकाची, धावपट्टी वापरल्याबद्दलची. वसूल एफबीओ करत असला तरी पैसे त्याचे नसतात, म्हणून इंधन घेतलं तरी ती सहसा सुटत नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य छोट्या विमानतळांवर आपल्यासारख्यांना लँडिंग फी नसते, हे आपलं भाग्य. युरोपातून आलेल्या वैमानिकांना यावर विश्वास बसत नाही. अपवाद म्हणजे सहलीची बेटं: आमच्याकडे लेक एरीमधलं पुट-इन-बे, तिकडे कॅलिफोर्नियात डोंगरमाथ्यावरची कॅटालिनाची धावपट्टी. तिसरा प्रकार रात्रीच्या मुक्कामाचा, टायडाउन किंवा ओव्हरनाइट. दोरांनी बांधून उघड्यावर ठेवायचे माझ्याकडे 5 ते 20 डॉलर लिहिलेले आहेत, आणि इंधन घेतलं तर पहिली रात्र बरेचदा फुकट. हँगरमध्ये ठेवायचे त्याच्या कितीतरी पट, आणि वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी जागाच नसते.

यात एक गोष्ट नव्या पायलटला कुणी सांगत नाही. एफबीओचं अंगण हीच एकमेव जागा असेल असं नाही. पुष्कळ विमानतळांवर काउंटीच्या मालकीचे मोकळे टायडाउन असतात, स्वस्त किंवा फुकट. तिथे कॉफी नाही, गालिचा नाही, फाटकापर्यंत चालत जावं लागतं. टॉवर असलेल्या ठिकाणी ग्राउंड कंट्रोलर 'पार्किंग कुठे?' विचारतो, आणि नवखा माणूस समोर ज्या कंपनीची पाटी दिसेल तिचं नाव सांगून मोकळा होतो. तिथेच दोरी गळ्यात पडते. सार्वजनिक ट्रान्झिएंट (पाहुण्या विमानांसाठीचं) पार्किंग आहे का, एवढं विचारायचं. कुणी केशरी काठ्या हलवून बोलावत असला तरी त्याच्याकडे गेलंच पाहिजे असं नाही. रेडिओवर 'मी सेल्फ-सर्व्ह पंपाकडे चाललोय' म्हटलं की तो काठ्या खाली घेतो. त्याला राग येत नाही. त्याचं रोजचं आहे.

म्हणून माझा रिवाज: आदल्या दिवशी फोन. चार्ट सप्लिमेंटच्या (विमानतळांच्या सरकारी माहितीपुस्तिकेच्या) शेऱ्यांत लँडिंग फी असेल तर लिहिलेली असते, ॲपमध्ये इतर पायलटांच्या टिप्पण्या असतात, पण त्या जुन्या झालेल्या असतात आणि चिडलेला माणूसच जास्त लिहितो. फोनवर दोन मिनिटांत संपतं. 'सेसना 172, शनिवारी दुपारी, दोन तास, चार माणसं. रॅम्प फी किती? किती गॅलनवर माफ? सेल्फ-सर्व्हचे गॅलन धरता का? लँडिंग फी वेगळी आहे का? क्रू कार (गावात जायला उसनी गाडी) मिळेल का?' यातला तिसरा प्रश्न विसरू नका. सेल्फ-सर्व्ह पंपावर गॅलनमागे अर्धा-एक डॉलर स्वस्त पडतं, पण त्यांचा माणूस राबत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी ते गॅलन माफीत धरत नाहीत. मी एकदा हौसेने 12 गॅलन स्वतः भरले, वायर लावून, नळी गुंडाळून, हात निळे करून, आणि आत गेल्यावर फी द्यावीच लागली. फोनवर ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा. नुसतं पंधरा मिनिटांसाठी कुणाला सोडायचं किंवा घ्यायचं असेल तर तेही आधी सांगा. 'या हो, त्याचे काय पैसे घ्यायचे' हे उत्तर मला कित्येकदा मिळालंय. निघताना तेच सांगितलं तर ती सबब वाटते.

आता इंधनाचा हिशेब, कारण यातच तुमच्या बाबतीत खरी मेख आहे.

तुमचा क्लब 'वेट' दराने भाडं घेतो, म्हणजे इंधन भाड्यातच. बाहेर भरलंत तर क्लब पैसे परत देतो, पण घरच्या पंपाच्या दराने. वरचा फरक तुमच्या खिशातून. समजा घरचा दर 6 डॉलर आणि तिथला 7.40. दहा गॅलनवर फी माफ होत असेल तर फरक 14 डॉलरचा, फी 35 ची. इंधन घ्या, 21 वाचले. पण तिथला दर 9.20 असेल आणि अट 15 गॅलनची, तर फरक 48 डॉलर. तेव्हा हसतमुखाने 35 भरा आणि निघा. माफी हा शब्द गोड आहे, पण गुणाकार करून बघायचा.

आणि 'टाकी भरलेली होती' या तुमच्या वाक्यावर मी जरा थबकले. तुमचं 172 एस मॉडेल असेल तर वापरता येणारं इंधन 53 गॅलन, गॅलनला 6 पौंड धरून 318 पौंड. विमानाचं कमाल वजन 2550. प्रत्येक विमानाचा कागद वेगळा असतो, पण माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण 850 पौंड उरतात असं धरू. टाकी फुल केली की माणसांना 530. तिघे मोठे पुरुष, प्रत्येकी 180, म्हणजे 540. जाकिटं आणि पिशव्या धरल्याच नाहीत. हा हिशेब निघण्याआधी केला होतात ना? केला असेल तर माफ करा. नसेल तर 35 डॉलर विसरा आणि आज रात्री क्लबच्या विमानाचा वजनाचा कागद काढून बसा.

आई-बाबांच्या वेळी चौघं असाल तर टाकी भरून निघताच येणार नाही. त्यातच फीचं उत्तर आहे. 35 गॅलन घेऊन निघा: 210 पौंड. माणसांना आणि सामानाला 640 उरले. तासाभरात 9 गॅलन जळतील, उतरताना 26 शिल्लक. दिवसा अर्ध्या तासाचं इंधन राखीव ठेवायचा नियम आहे, मी स्वतः एक तासाचं ठेवते, त्याच्या कितीतरी वर. तिथे 10 गॅलन घ्या. फी माफ, आणि परतीला वजन होतं तितकंच. पोट भरलेलं असल्यामुळे दोन-चार पौंड इकडे-तिकडे. फी वाचवायला म्हणून आधीच भरलेल्या विमानात आणखी 60 पौंड ओतणारा माणूस मी पाहिलेला आहे. उन्हाळ्याची दुपार होती, धावपट्टी पुरली, नशीब.

इंधन दुसऱ्या कुणी भरलं तर समोर उभे राहा. 'हंड्रेड लो लेड' (पिस्टन विमानांचं निळं पेट्रोल) असं तोंडाने सांगा, झाकणं स्वतः हाताने तपासा, थोडं थांबून नमुना काढा, निळा दिसतो का बघा. पिस्टन इंजिनाच्या विमानात जेटचं इंधन भरलं जाऊन अपघात झालेले आहेत. टिप चांगली दिली म्हणून झाकण नीट लागलेलं असेल असं नसतं.

आता टिप. लाइनमन म्हटलं की आपल्याला एमएसईबीचा खांबावर चढलेला माणूस आठवतो. हा लाइनमन म्हणजे विमान उभं करून घेणारा, चॉक लावणारा, इंधन भरणारा, ट्रॅक्टरने विमान ओढणारा. बहुतेक वेळा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि निम्म्या वेळा स्वतः उडायला शिकणारा.

तुमचा मित्र म्हणतो टिप देत नाहीत, दुसरा कुणी म्हणेल हॉटेलसारखे वीस टक्के द्या. दोघेही चुकतात. हॉटेलातल्या वेटरला केंद्रीय कायद्याप्रमाणे मालकाने तासाला 2.13 डॉलर रोख दिले तरी चालतात, बाकीचं टिपेतून भरून निघेल असं गृहीत आहे. म्हणून तिथे टिप न देणं म्हणजे मजुरी बुडवणं. लाइनमनचा पगार तसा टिपेवर बेतलेला नसतो. लठ्ठ नसतो, पण तो पगार असतो. म्हणून इथे सक्ती नाही आणि टक्केवारी तर मुळीच नाही; 50 गॅलन भरणाऱ्याने पाच गॅलन भरणाऱ्याच्या दसपट घाम गाळलेला नसतो.

मग मी काय करते? नेहमीच्या कामाला, म्हणजे चॉक लावले, टँकर आणला, 'कसे आहात' विचारलं, 5 डॉलर. नाही दिले तरी कुणी तोंड वाकडं करत नाही, कधीकधी सुटे नसतात म्हणून मीही देत नाही. तुम्ही दिलेत ते योग्यच केलंत. पाऊस, बर्फ, ऊन यांत राबला असेल, किंवा हँगरमधून दुसरी चार विमानं हलवून माझं काढलं असेल, तर 10 ते 20. रात्री बंद झाल्यावर बोलावलं तर कॉल-आउटची वेगळी फी असते, ती कंपनीची. जो घरून पायजम्यावर कोट चढवून आला त्याला मी वेगळे 20 देते, हातात. सेल्फ-सर्व्हला कुणाचाच प्रश्न नाही. आणि जिथे म्हातारा मालक स्वतःच टँकर चालवतो, स्वतःच पावती फाडतो, तिथे टिप देऊ नका. त्याला अवघडल्यासारखं होतं. त्याच्याकडून दहा गॅलन घ्या, त्याच्या भिंतीवरचे फोटो बघा, त्यातल्या एका विमानाबद्दल विचारा. निघायला अर्धा तास उशीर होईल, ते धरून चाला.

काही साखळी-एफबीओंमध्ये नोकरांना पैसे घ्यायची मनाई असते. पोरगा 'नको मॅडम' म्हणाला तर एकदाच म्हणा, 'कॉफीसाठी', तरी नाही म्हणाला तर नोट खिशात घाला. आपल्याकडच्यासारखं खिशात कोंबायला जाऊ नका, तो कॅमेऱ्याखाली उभा असतो. काउंटरवरच्या बाईंना तर नोट देणं मला विचित्रच वाटतं; जिथे वारंवार जाते तिथे दिवाळीच्या सुमाराला शंकरपाळ्यांचा डबा नेते. एका ठिकाणी आता माझं विमान दिसलं की 'ते गोड चौकोन आणलेत का' म्हणून विचारतात. (एक तक्रारही नोंदवून ठेवते. सतरा वर्षांत असंख्य वेळा बिल माझ्या नवऱ्यापुढे धरलं गेलंय. तो बिचारा मागच्या सीटवर झोपलेला असतो, त्याला विमानाचा नंबरही आठवत नाही.)

एक प्रसंग सांगते, म्हणजे आकड्यांमागचं कळेल. डिसेंबर, इंडियानातलं छोटं विमानतळ, सकाळचे साडेसात, बाहेर उणे 14 सेल्सियस. विमान रात्रभर उघड्यावर बांधलेलं. शेपटीकडच्या दोराची गाठ गोठून दगड झाली होती. तिथला मुलगा हातमोजे काढून ती गाठ तोंडाच्या वाफेने आणि नखांनी सोडवत होता, कारण मोजे घालून पकड येत नव्हती आणि दोर कापायला त्याचं मन होत नव्हतं. मग त्याने हीटर ओढत आणला, जाड नळी इंजिनाच्या झाकणात खोचली आणि पाऊण तास दर पाच मिनिटांनी येऊन हात लावून बघत राहिला. प्रीहीटचे 25 डॉलर बिलात होते, ते एफबीओचे. मी त्याला वेगळे 20 दिले. त्याने नोटेकडे बघितलं आणि म्हणाला, 'पॉइंट वन!' मला क्षणभर कळेना. मग कळलं. लॉगबुकात तास दशांशात लिहितात. शिकवणीचा तास, विमान आणि इन्स्ट्रक्टर धरून, त्याला 200 डॉलरला पडत होता. वीस डॉलर म्हणजे त्याची सहा मिनिटं.

खरोखरच्या छोट्या विमानतळांवर मात्र यातलं काहीच नसतं, आणि आई-बाबांना मी तिथेच न्यायला सांगेन. माणूस नाही, धावपट्टीशेजारी मका. इमारतीच्या दाराला कुलूप, पण कोड असा की पायलटला ओळखता येईल. आत सोफा, वर्तमानपत्राचा गठ्ठा, फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या. भिंतीवर लोखंडी पेटी आणि शेजारी पाकिटं: विमानाचा नंबर लिहा, रात्रीचे 5 डॉलर आत टाका. देवळातल्या दानपेटीसारखीच, फक्त पावती स्वतःच फाडायची. इथेच क्रू कार मिळते. आमच्या भागात ती बहुधा पोलिसांनी निवृत्त केलेली क्राउन व्हिक्टोरिया असते. दारावरचं चिन्ह खरवडलेलं, पण उन्हात त्याची सावली दिसते, आणि गावात शिरलात की पुढची गाडी आपोआप हळू होते. किल्ली खुंटीवर, शेजारी वही: नाव, विमानाचा नंबर, कुठे, किती वाजता परत. तिचं भाडं नसतं. परत आणताना 10 डॉलरचं पेट्रोल भरा, ठरलेल्या वेळेत आणा, उशीर होणार असेल तर फोन करा. दुसरं एखादं कुटुंब त्या सोफ्यावर बसून खिडकीतून वाट बघत असतं. आईंच्या हातचा डबा असेल तर बाहेर पिकनिकचं टेबल असतं, गाडीही लागणार नाही.

मित्रांकडून पैसे घेण्याचं: घेता येतात, पण मर्यादेत. प्रायव्हेट पायलटने प्रवाशांबरोबरच्या उड्डाणाच्या खर्चातला स्वतःचा समान वाटा तरी उचललाच पाहिजे, आणि वाटायच्या खर्चात नियम (कलम 61.113) चारच गोष्टी मोजतो: इंधन, तेल, विमानतळावरचा खर्च आणि विमानाचं भाडं. तिघे होतात तर तुमचा किमान तिसरा हिस्सा. रॅम्प फी, लँडिंग फी, टायडाउन हा विमानतळावरचा खर्च, तेव्हा 35 डॉलर तिघांत वाटायला हरकत नाही. टिप मी त्यात धरत नाही. ती मी माझ्या इच्छेने दिली, नियमात तिचं नाव नाही, आणि 5 डॉलरसाठी एफएएशी (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याशी) वाद घालायची माझी तयारी नाही. प्रवासी जेवणाचं बिल भरायला उत्सुक असतील तर पुढचा वाद तुमचा.

अजून एक खर्च असतो तो निघतानाही कळत नाही. 1 जानेवारी 2020 पासून बहुतेक नियंत्रित हवाई हद्दीत एडीएस-बी सक्तीचं आहे, म्हणजे विमान स्वतःची ओळख सतत प्रसारित करत असतं. हेतू सुरक्षेचा. पण काही विमानतळ त्यावरून कोण उतरलं हे टिपून लँडिंग फीचं बिल नोंदणीच्या पत्त्यावर पाठवतात. वैमानिकांची संघटना एओपीए याच्या विरोधात आहे. हे थांबेपर्यंत बिल क्लबच्या नावे येतं आणि क्लब डायरी उघडून तुमचं नाव शोधतो. टच-अँड-गोचा (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडायचा) सराव करायला अनोळखी विमानतळ निवडाल तेव्हा हेही विचारून घ्या.

फी खरोखरच अवाच्या सवा वाटली तर काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका, दर तिने ठरवलेला नसतो. विमानतळाच्या मॅनेजरला लिहा. केंद्राचा निधी घेतलेल्या विमानतळाने सगळ्यांना वाजवी अटींवर आणि भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो. त्याच करारात त्याने आपला खर्च शक्य तितका स्वतः भागवायचा, असंही आहे, म्हणून फुकट जागा हा हक्क म्हणून मागता येत नाही. पण 'पर्यायी टायडाउन आहे का, आणि फी आधी कळावी म्हणून फलक लावाल का' असं मी दोनदा लिहिलं. एकदा उत्तर आलं नाही, एकदा फलक लागला.

तर तुमच्यासाठी: ज्या ठिकाणी 35 घेतले तिथलं जेवण आवडलं असेल तर पुन्हा जा. शुक्रवारी फोन करा, गॅलनची अट विचारा, टाकी अर्ध्याहून थोडी जास्त ठेवून निघा. हेडसेटच्या पिशवीत पाच-पाचच्या चार नोटा ठेवा, कारण सुटे नेमके तेव्हाच नसतात. आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवणार असाल तर त्यांना आधी सांगून ठेवा की उतरल्यावर पंखा पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचं नाही, काठ्यावाला पोरगा कितीही हसून हात हलवत असला तरी.